देवदास आणि पारो एकाच चटईवर बसायचे

दोन रुपये तीन जणींना सारखे वाटायचे आहेत. प्रत्येकीला किती येतील?

आपल्या चौथीतल्या मुलांना विचारा. ती म्हणतील, सहासष्ट-सहासष्ट पैसे आणि दोन पैसे उरले. घरात जुन्या हिशोबाचे आजोबा असतील तर ते म्हणतील, दहा आणे आठ पै. बंगालमधल्या एका खेड्यातल्या मुलाने मात्र याचं उत्तर असं दिलंय: दहा आणे, तेरा गंडे, एक कवडी, एक क्रांती. तिकडच्या जुन्या हिशोबात एका आण्याचे वीस गंडे, एका गंड्याच्या चार कवड्या आणि कवडीचा तिसरा हिस्सा म्हणजे क्रांती. मी वहीत मांडून पाहिलं. उत्तर तंतोतंत बरोबर येतं.

या मुलाचं नाव देवदास. हो, तोच. बाटलीवाला.

झालं असं, की देवदासने तीन रुपये पारोकडे ठेवायला दिले होते. गाणी म्हणत तीन वैष्णवी आल्या आणि पारोने तिन्ही रुपये त्यांना देऊन टाकले. देवदास म्हणतो, दोनच दिले असते तरी भागलं असतं, प्रत्येकीला इतके आणे इतके गंडे आले असते. त्यावर पारो विचारते, त्यांना काय तुझ्यासारखं गणित येतं? स्वारी खूश! आपल्याला गणित येतं हे कुणीतरी कबूल केलं, मग रुपया गेल्याचं दुःख कुठलं राहतंय? वर्गात शिकवणाऱ्या कुणालाही हा मुलगा ओळखीचा वाटेल. आणि ती मुलगीसुद्धा. तिने भागाकार केला नाही, पण तीन जणींत भांडण होणार नाही असा हिशोब मात्र बरोबर केला.

शरच्चंद्र चट्टोपाध्याय (1876 ते 1938) यांनी ही कादंबरी अगदी तरुणपणी लिहिली आणि ती पुस्तक म्हणून आली 1917 साली. शरदबाबू आपल्याला परके नाहीत. मामा वरेरकरांनी त्यांच्या कितीतरी कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि आपल्या आज्यांच्या पिढीने त्या वाचनालयातून नंबर लावून वाचल्या. सिनेमे तर विचारूच नका. 1935 साली बंगालीत प्रमथेश बरुआ, पुढच्या वर्षी हिंदीत सैगल, 1955 साली बिमल रॉयच्या चित्रपटात दिलीपकुमार आणि 2002 साली शाहरुख खान. इतकं झाल्यावर देवदास हे माणसाचं नाव राहिलंच नाही. दाढी वाढवून कट्ट्यावर बसलेल्या पोराला आपण सहज म्हणतो, 'काय रे, देवदास झालास का?' स्टाफरूममध्येही म्हणतो. नववी-दहावीतल्या मुलाचं कुठेतरी बिनसलंय एवढं दिसलं, की झाला देवदास.

पण ज्याला आपण देवदास म्हणतो तो कादंबरीच्या उत्तरार्धातला. माझ्यासारख्या प्राथमिकच्या बाईला त्याच्यापेक्षा पहिल्या काही प्रकरणांतला देवदास जास्त महत्त्वाचा वाटतो. माझं तर म्हणणं असं आहे, की या दोघांची ताटातूट लग्नाच्या बोलणीत झालीच नाही. ती शाळेत झाली. लग्नाच्या वेळी मोठ्या माणसांनी तिच्यावर फक्त शिक्का मारला.

कादंबरी उघडते ती पाठशाळेत. तालसोनापूर नावाचं गाव, वैशाखातली दुपार. गोविंद पंडित डुलक्या घेताहेत. मोडक्या बाकावर भुलो नावाचा वर्गनायक बसलाय. फाटक्या चटईच्या कोपऱ्यात पाटी घेऊन देवदास जांभया देतोय, त्याचं मन पतंगात. त्याच पाठशाळेत आठ वर्षांची पार्वती, म्हणजे पारो. तो गावच्या जमीनदाराचा, मुखर्जींचा मुलगा. ती शेजारच्या चक्रवर्तींची, खाऊनपिऊन बरी म्हणावी अशा घरातली. गणित विचारायच्या निमित्ताने देवदास भुलोजवळ जातो आणि त्याला शेजारच्या चुन्याच्या ढिगात ढकलून देतो. भुलो पांढराफटक, पारो टाळ्या पिटून हसते, देवदास पसार. मग तो आमराईत लपून हुक्का ओढत बसतो आणि तो कुठे लपलाय हे फक्त पारोला ठाऊक असतं. ती पदरात मुरमुरे बांधून घेऊन जाते.

(भुलोची पुढे कुणालाच आठवण राहत नाही. मॉनिटरचं असंच असतं.)

इथपर्यंत सगळं गमतीचं. पण आता पुढे बघा.

पंडित गाऱ्हाणं घेऊन जमीनदाराकडे जातात. देवदासला घरी मार बसतो आणि त्याची पाठशाळा सुटते. थोड्याच दिवसांनी काठी तोडताना दोघांचं काहीतरी बिनसतं आणि देवदास पारोला छडीने मारतो. अंगावर वळ उठतात. घरी आजी विचारते, कुणी मारलं? आणि ही आठ वर्षांची मुलगी सांगते, पंडितजींनी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. पारो खोटं बोलली याचं मला काही वाटलं नाही, मुलं बोलतात. मला लागलं ते हे, की सगळ्यांना ते ताबडतोब पटलं. कुणी गोविंद पंडितांना विचारायला गेलं नाही. मास्तर मारतो, हे गावाला इतकं साहजिक वाटत होतं, की पुरावा मागायची गरजच पडली नाही. आज शिक्षणहक्क कायद्याचं कलम 17 आहे, मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही, मानसिक त्रास द्यायचा नाही. बिचाऱ्या पंडितांनी त्या दिवशी मारलं नव्हतं, पण त्यांच्या जातभाईंनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली कीर्ती त्यांना नडली. आपणही कधी पालकांच्या 'मारा हो मॅडम, आमची हरकत नाही' या वाक्याला हसून मान डोलावतो, तेव्हा त्याच कीर्तीत भर घालत असतो.

असो. त्या खोट्याचा परिणाम असा झाला, की पारोचीही पाठशाळा सुटली.

म्हणजे शाळा दोघांचीही सुटली. खोडी काढली त्याने, मार खाल्ला तिने. पण त्याच्या बापाने ठरवलं, पोरगं इथे बिघडतंय, याला कलकत्त्याला शिकायला पाठवा. आणि तिच्या घरच्यांनी काय ठरवलं? काहीच नाही. मुलगी घरी बसली. तिच्यासाठी कुणाला काही ठरवावंच लागलं नाही. मला वाटतं, कादंबरीतली खरी घटना हीच आहे आणि ती इतक्या गुपचूप घडते, की आपलं लक्षच जात नाही. श्रीमंतीचा भेद म्हणजे दारात उभं राहून कुणीतरी कडाडून बोलतं, 'ये शादी नहीं हो सकती', असं आपल्याला सिनेमाने शिकवलंय. प्रत्यक्षात तो असा येतो. एकाच्या पुढच्या शिक्षणाची घरात चर्चा होते आणि दुसरीच्या बाबतीत चर्चा करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही.

पुढची काही वर्षं शरदबाबूंनी भराभर उरकली आहेत, पण एका ठिकाणी ते थांबतात. देवदास सुट्टीत गावी येतो तो विलायती बूट, हातात छडी, सोन्याच्या साखळीचं घड्याळ असा. त्याला आता गप्पा मारायच्या असतात सभा-समित्यांच्या, राजकारणाच्या, क्रिकेट-फुटबॉलच्या. त्या पारोशी कशा मारणार? तिला त्यातलं काय ठाऊक? आणि तिला ठाऊक नाही हा तिचा दोष का? दोघांनी एकाच पाठशाळेत पाटी धरली होती. भागाकार तिलाही जमला असता.

मग तेरा वर्षांच्या पारोच्या लग्नाची बोलणी. तिची आजी मोठ्या आशेने देवदासच्या आईकडे शब्द टाकते आणि आई नाही म्हणते. कारणं दोन. एक, घराशेजारचेच सोयरे, लोक हसतील. दुसरं, चक्रवर्तींच्या घरात मुलीचे पैसे घेण्याची चाल आहे. आपल्याकडे याला देज म्हणतात. गंमत पाहा, दोन्ही घरं ब्राह्मण. पण मुलाकडून पैसे घेऊन मुलगी देणारं घर हलकं, आणि हुंडा मोजून घेणाऱ्याची मान मात्र ताठ! पैसा दोन्हीकडे घेतला जातोच, फक्त पहिल्याला विक्री म्हणतात आणि दुसऱ्याला मानपान. आपल्याकडेही ही समजूत होतीच, आणि हुंड्याच्या बाबतीत ती अजून गेलेली नाही, हे इथे वाचणाऱ्या पालकांना मी वेगळं सांगायला नको.

पारो मध्यरात्री एकटी देवदासच्या खोलीत जाते. तेरा वर्षांची मुलगी, त्या काळात. तिला भीती नाही. घाबरतो तो कलकत्त्याला शिकलेला. त्याला चिंता, कुणी पाहिलं तर? तो बापाला विचारतो, बाप भडकतो आणि हा कलकत्त्याला निघून जातो. तिथून पत्र धाडतो, तुझ्यावर माझं तसं प्रेम नव्हतंच म्हणून. मग पस्तावतो, परत येतो, तोवर उशीर झालेला. चाळिशीच्या आसपासच्या, मोठी मुलं असलेल्या हातीपोट्याच्या बिजवर जमीनदाराशी पारोचं लग्न ठरलेलं. तळ्याकाठी दोघांची भेट होते. ती ताठ मानेने बोलते, त्याला ते सहन होत नाही आणि तो मासे धरायच्या गळाच्या काठीने तिच्या कपाळावर मारतो. रक्त येतं, खूण राहते.

या खुणेबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचं आहे. सिनेमांनी ती प्रेमाची निशाणी करून टाकली. तिच्यावर गाणी, तिच्यावर संवाद. मी प्राथमिकची शिक्षिका आहे, मला तिथे पाठशाळेतली मुलगी दिसते. आठव्या वर्षी तिने मारणाऱ्याला पाठीशी घातलं आणि कुणीही तिला जवळ घेऊन विचारलं नाही, की बाळ, खरं सांग, कुणी मारलं? तेराव्या वर्षी तीच मुलगी, तोच मुलगा, पुन्हा काठी. मध्ये त्याने कलकत्त्यात इंग्रजी शिकली असेल, दुसरं काय शिकला? मारतो म्हणजे हक्क आहे आणि हक्क आहे म्हणजे प्रेम आहे, हे समीकरण आपल्या वर्गातही फिरत असतं. तिसरी-चौथीतली मुलं वेणी ओढतात आणि आपणच म्हणतो, 'अगं, त्याला तू आवडतेस म्हणून खोड्या काढतो.' हे वाक्य कृपा करून वर्गात नको.

चंद्रमुखीचा भाग मी इथे सोडते, तिच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. शेवट सगळ्यांना माहीत आहे. तापाने फणफणलेला देवदास पांडुआ स्टेशनवर उतरतो, बैलगाडीने हातीपोट्याला पोहोचतो आणि पारोच्या सासरच्या घरासमोर झाडाखाली मरतो. सिनेमात एक गोष्ट सहसा ठसत नाही, पुस्तकात आहे. ब्राह्मणाचं प्रेत असूनही गावातलं कुणी त्याला शिवायला तयार होत नाही, शेवटी चांडाळ येऊन घेऊन जातात. ज्या घराने आयुष्यभर 'आपल्या तोलाचं नाही' म्हणून दार लावून घेतलं, त्या घरच्या मुलाची ही गत. शरदबाबूंनी हे एका ओळीत सांगून टाकलंय, टीकाटिप्पणी न करता.

आता काही पालक म्हणतील, मॅडम, प्राथमिकच्या ब्लॉगवर प्रेमकथा कशाला? मुलांना देवदास शिकवायचा का? अजिबात नाही. हे पुस्तक आपल्यासाठी आहे, मोठ्यांसाठी. शक्य असेल तर पहिली प्रकरणं तरी वाचा. वाचनाला वेळ नसेल तर 1955 चा सिनेमा लावा, त्यात पाठशाळा आणि बालपण सविस्तर आहे. 2002 च्या सिनेमात देवदास थेट विलायतेहून परततो, त्यामुळे चटई दिसतच नाही, झुंबरं दिसतात.

आणि चटईचंच मला जास्त बोलायचं आहे. तालसोनापुरात निदान चटई एक होती. जमीनदाराचा पोरगा आणि शेजारची गरीब पोरगी एकाच पंडितांपुढे बसत होती. आमच्या गावात बागायतदाराचं मूल सकाळी साडेसातला पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातं आणि त्याच्या बागेत खुरपायला येणाऱ्या बाईचं मूल आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येतं. ती दोघं एका गावात राहून एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. देवदास आणि पारोचं निदान जुळलं तरी होतं. ही मुलं मोठी होऊन प्रेमात पडणार नाहीत हे ठीक, पण उद्या एक मालक होईल आणि दुसरा मजूर, तेव्हा 'हा माझ्या वर्गात होता' असं म्हणायलासुद्धा काही उरणार नाही, याचं काय करायचं?

जी काही मुलं अजून एकत्र बसतात त्यांच्यातही आपण रेघा ओढतो. मागे एका पालकसभेनंतर एक आई मागे थांबली.

"मॅडम, आमच्या पोराला त्या पालावरच्या मुलीशेजारी नका बसवू. उवा होतात."

मी म्हटलं, "ताई, उवांना पाल आणि बंगला कळत नाही. मागच्या महिन्यात दहा-बारा पोरांच्या डोक्यात होत्या, त्यात तुमचाही होता, मी सांगितलं नव्हतं."

ती हसली, पण पटलं नव्हतं. "तसं नाही हो, पण जरा बघा ना."

आमच्याकडे दर महिन्याला जागा बदलतात, चिठ्ठ्या टाकून. त्या महिन्यातही चिठ्ठीनेच बदलल्या. पुढच्या जूनमध्ये तो मुलगा दाखला घेऊन पिवळ्या गाडीत गेला. एका मुलाने पट कमी झाला, त्याचा फटका शाळेला बसतोच, पण मी चिठ्ठ्या टाकणं थांबवणार नाही. पालावरची ती मुलगी तेव्हा दुसरीत होती. शेजारचा कुठे गेला, हे तिने मला दोनदा विचारलं.

शाळा सोडल्याचा दाखला लिहिताना मला हल्ली हटकून देवदास आठवतो. दाखल्यावर एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. आमची शाळा सातवीपर्यंत, त्यामुळे मे-जूनमध्ये आम्ही सरसकट लिहितो, 'पुढील शिक्षणासाठी'. मुलगा शहरात मामाकडे चाललाय, त्यालाही तेच. मुलीचं हायस्कूल सहा किलोमीटरवर आहे, घरचे म्हणतात बघू, तिलाही तेच. गोविंद पंडितांना दाखला द्यावा लागला असता तर त्यांनी देवदासच्या दाखल्यावर 'पुढील शिक्षणासाठी' लिहिलं असतं, ते खरं होतं. पारोच्या दाखल्यावर काय लिहिलं असतं? बहुधा हेच. कागदावर दोघं सारखीच दिसली असती.

एसटीचा मोफत पास आहे, काही मुलींना सायकल मिळते, या सोयी खऱ्या आहेत आणि त्यांनी फरक पडलाय. पण पास काढायला आधी पुढच्या शाळेत नाव लागावं लागतं. नाव लागलं नाही तर पोर्टलवर ते मूल ड्रॉपबॉक्समध्ये पडून राहतं आणि स्क्रीनवर ती फक्त एक ओळ असते. म्हणून गेल्या दोन वर्षांपासून आम्ही एक साधी गोष्ट करतो. दाखला देताना पुढच्या शाळेचं नाव आणि घरचा एक चालू नंबर वहीत लिहून घेतो, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या शाळांना फोन करतो. नाव दाखल झालं का, एवढंच विचारायचं. मुलामुलींचं सगळ्यांचं विचारतो, कारण मुलगेही गळतात, वीटभट्टीवर जातात.

गेल्या जुलैत अकरा फोन केले. नऊ जणांची नावं लागली होती. उरलेल्या दोघी मुली. मुख्याध्यापक आणि मी रविवारी त्यांच्या घरी गेलो. एकीच्या वडिलांनी चहा पाजला, ऐकून घेतलं आणि ऑगस्टमध्ये नाव घातलं. ती आता एसटीने जाते, मला खिडकीतून हात करते. दुसरीच्या घराला कुलूप होतं. शेजारचे म्हणाले, सगळे कामाला गेलेत, दिवाळीला येतील. दिवाळीत मी पुन्हा गेले. आई-वडील आले होते. ती नव्हती.